नानाय लिओनिलाची झोप

शनिवारी सकाळी आमचा बागकामाचा वर्ग भरायचा आणि नेमकी त्याच वेळी नानाय लिओनिलाला झोप लागायची. नदीकाठच्या आमच्या सामाईक शेतात घोसाळ्यांचा मोठा मांडव आहे, त्याखाली बांबूची बाकं. टीचर हासिंता बी रुजवण्याबद्दल बोलायला लागली की लिओनिलाची मान हळूहळू खाली यायची. पानांतून गाळून आलेला उजेड तिच्या पांढऱ्या केसांवर हलत राहायचा. मधूनच ती झोपेत मान डोलवायची, जणू सगळं पटतंय.

वर्ग संपला की प्रत्येकाला टोपलीभर भाजी मिळायची. कांगकोंग या पालेभाजीच्या जुड्या, वांगी, चवळीच्या लांब शेंगा. मारिकिना शहरातल्या आमच्या वस्तीत रोज ताजी भाजी घेणं कोणाला परवडत होतं? मीसुद्धा पहिल्यांदा टोपलीसाठीच गेले होते, शिकण्याची गोडी मागाहून लागली. लिओनिला जागी व्हायची, तोंडावरून हात फिरवायची आणि टोपली कमरेवर घेऊन सावकाश निघायची. वयामुळे आम्ही सगळे तिला नानाय, म्हणजे आई, म्हणायचो.

कुया देन्स्यो, म्हणजे आमचा देन्स्योदादा, मात्र तिला नावानेच हाक मारायचा. तो जवळपास तिच्याच वयाचा, बसचालक म्हणून निवृत्त झालेला. वर्गात बसून ऐकणं त्याला जमत नसे. तो बाजूला वाफ्यांचे बांबू ठोकत बसायचा. एका शनिवारी भाजी वाटताना तो बोललाच.

"टीचर, राबणाऱ्याला भाजी आणि झोपणाऱ्यालाही भाजी? मग उद्यापासून मीपण घरून उशी आणतो."

सगळे हसले. लिओनिला नुकतीच जागी झाली होती.

"आण की," ती म्हणाली. "पण मग ठोकणार कोण?"

"काय ठोकणार?"

"बांबू. तू ठोकतोस म्हणून तर मला झोप लागते."

मग टोपली मांडीवर घेऊन तिने सांगितलं. तिचा नवरा पोंसो जोडे करायचा. दिवसभर ती चामड्याचे वरचे भाग शिवायची आणि रात्री तो शेजारच्या खोलीत जोड्यांचे तळ ठोकत बसायचा. लग्न झाल्यापासून ती त्या आवाजावरच झोपत आली. पोंसो गेला आणि घर इतकं गप्प झालं की कोंबडे आरवेपर्यंत ती छताकडे बघत पडून राहायची.

"इथे आले आणि तुझा हातोडा ऐकला," ती देन्स्योला म्हणाली. "वाटलं, आहे तो पलीकडे. डोळे आपोआप मिटले. भाजी नको देऊस हवं तर. ठोकणं मात्र थांबवू नकोस."

वांग्यांच्या ढिगातून दोन चांगली वांगी काढून देन्स्योने तिच्या टोपलीत टाकली आणि हातोडा धुवायला निघून गेला. हातोडा कोणी धुतं का? पण त्याने धुतला.

पुढच्या शनिवारी शेतात ठोकण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. तरी तो मांडवामागे एका जुन्या ओंडक्यावर बसला आणि नुसतंच लाकडावर ठोकत राहिला. टक्, टक्, सावकाश. टीचर हासिंताचा आवाजही त्या तालात येऊन मऊ झाला. माझेसुद्धा डोळे जड झाले. नदीवरून रिकामे जोडे जोडीजोडीने चालत येताहेत आणि त्यांतून वेल फुटताहेत असं काहीसं दिसलं मला. जागी झाले तेव्हा अर्धा वर्ग पेंगत होता आणि टीचर गालावर हात ठेवून आमच्याकडे बघत होती.

त्याच सुमाराला दुधीची फळं गळायला लागली. अंगठ्याएवढी व्हायची, पिवळी पडायची आणि खाली. दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात आणि पतंग परागकण इकडून तिकडे नेतात. पण शेजारच्या बास्केटबॉलच्या मैदानावर नवे मोठे दिवे लागले होते आणि सगळे पतंग तिकडे.

"हाताने करावं लागेल," टीचर म्हणाली. "नानाय, तुमची बोटं हलकी आहेत. याल?"

"अगं, तू ते शिकवलंस तेव्हा मी झोपले होते."

"मी काहीही शिकवलं तेव्हा तुम्ही झोपलाच होतात. या तरी."

आम्ही ऊन उतरल्यावर गेलो. आकाश जांभळं होत गेलं आणि वेलावर एकेक पांढरं फूल उलगडू लागलं. पानं काळोखात बुडाली, फुलं तेवढी तरंगत राहिली. टीचरने दाखवलं. लांब देठाचं ते नर. जिच्यामागे इवलासा दुधी, ती मादी. लिओनिलाने नर फूल खुडलं, त्याच्या पाकळ्या मागे दुमडल्या आणि मादी फुलात अलगद टेकवलं. जन्मभर चामड्यातून दोरा ओवणारी ती बोटं पाकळीला दुखवत नव्हती. देन्स्यो तिच्यासाठी वेल वाकवून धरत होता, मध्येच त्यानेही एक फूल घेतलं.

"हळू," ती म्हणाली. "लग्न लावतोयस, खिळा नाही मारत."

"माझी बायको असती तर म्हणाली असती, लग्नातही तू असाच होतास."

ती हसली. पलीकडे चेंडू जमिनीवर आपटत होता, पोरं ओरडत होती. लिओनिला एका वेलावरून दुसऱ्यावर सरकत होती, बाही परागांनी पिवळी झालेली. मैदानावरचा एक पतंग वाट चुकून आला आणि तिच्या बाहीवर बसला. ती हात तसाच धरून किती वेळ उभी राहिली. आम्हीही थांबलो.

फळं धरली. सगळी नाही, पण पुष्कळ. ज्या शनिवारी दुधी उतरवले, त्या दिवशी ते अर्धे-अर्धे कापून टोपल्यांत घालायचं काम लिओनिलाने मागून घेतलं. सुरी हातात, डोळे टक्क उघडे. देन्स्यो दोनदा ओंडक्यावर ठोकून आला, तरी ती झोपली नाही.

घरी तिची झोप अजून तुटकच आहे, तिनेच मला सांगितलं. त्या दिवशी मात्र तिने सुक्या कोळंबीत दुधी शिजवला आणि एक वाडगा देन्स्योच्या घरी नेऊन दिला. दारातच उभं राहून त्याने चव घेतली.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

"मग आण की मीठ," ती म्हणाली आणि चपला काढून आत गेली.