ब्रेक धरत नाही

“ह्यो ब्रेक धरतच न्हाय, आकाराम! दोनदा रबर बदललास, तरी आपलं तेच.”

महालिंगअण्णा सायकल दुकानाच्या पायरीवर बसून कुरकुरत होते. त्यांची बायको शिवगंगा शेजारी उभी राहून पिशवीतली मेथीची जुडी उगाच वरखाली करत होती.

भाजी हे निमित्त. रविवारी अण्णा पन्हाळ्याहून तासभर उशिरा आले ते ‘पंक्चर झालती’ म्हणत. अख्खा उतार ते सायकल हातात धरून चालत उतरले, हे तिला त्यांच्या मित्राच्या फोनवरून कळलं. तिनंही मग पंक्चरच खरं धरलं. दिवाळीपासून त्यांच्या अंगातल्या शर्टाची बटणंही तीच लावत होती आणि काजं घट्ट केली म्हणून दोघं मिळून शिंप्याला नावं ठेवत होती.

“डिस्क ब्रेकच बसवू या म्हणतो,” अण्णा म्हणाले.

“ह्या सायकलीला बसायचा न्हाय. नवी सायकलच घ्यावी लागंल. आणि कशाला ओ? वजन वाढतंय, तेल बघा, चकती वाकली की कुईकुई. भर पावसात घाट उतरणार असला तर गोष्ट येगळी.”

“मग घेणारी काय येडी हायत?”

“तसं न्हवं. त्यो दाबायला एक बोट पुरतंय, एवढं मातर खरं...” आकाराम बोलता बोलता थांबला आणि खाली वाकून पाना शोधायला लागला. पाना त्याच्या हातातच होता.

स्टँडला अडकवलेल्या अण्णांच्या सायकलीचं मागचं चाक त्यानं मघाशी फिरवून सोडलेलं, ते अजून फिरत होतं. शिवगंगानं पिशवी खाली ठेवली आणि सहज म्हणून दोन बोटांनी ब्रेक दाबला.

चाक जागच्या जागी थांबलं.

“आत्ताच लागला वाटतं,” ती घाईघाईनं म्हणाली. “मघाशी सैलच होता. व्हय की न्हाय, आकारामभाऊ?”

“लई सैल, वैनी,” आकाराम पान्याकडं बघत म्हणाला.

अण्णा उठले. ब्रेकवरचा तिचा हात तसाच ठेवून त्यांनी त्यावर आपला ठेवला आणि ओठ आवळून दाबला. तिच्या बोटांना तो दाब जेमतेम कळला. तिनं हात हलवला नाही.

“ब्रेक चांगला हाय, शिवगंगा,” ते म्हणाले. “माझीच मूठ वळंना झालीया.”