करून कोणी पाहिलं?

वापरलेल्या सुईवर टोपण परत चढवायचं नाही, हा नियम विषाणुतज्ज्ञ बाईंनी प्रयोगशाळेच्या दारावर स्वतःच्या हाताने चिकटवला होता. तो मोडला म्हणून एका संशोधकाला त्यांनी महिनाभर बाटल्या धुवायला लावल्या होत्या. आणि आज उंदराला विषाणू टोचून झाल्यावर त्यांचाच हात, जुन्या शिकवणीच्या सवयीने, टोपणाकडे गेला. सुई दोन्ही हातमोजे भेदून अंगठ्यात शिरली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

आता बाई रुग्णालयाच्या वेगळ्या खोलीत बसल्या होत्या. अंगठ्यावर टाचणीच्या टोकाएवढा लाल ठिपका होता. या विषाणूची लागण झालेल्या दोघांतला एक दगावतो, हे वाक्य बऱ्याच पाठ्यपुस्तकांत होतं आणि ते बाईंनीच लिहिलेलं होतं. ताप चढण्याआधी उपचार केला तरच आशा, हे त्याच्या पुढचं वाक्य. तेही त्यांचंच.

उपचारही त्यांचाच. उभा जन्म घालवून त्यांनी या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडांचं औषध बनवलं होतं. उंदीर वाचले, माकडं वाचली. माणसाला ते अजून कोणी दिलं नव्हतं.

"मॅडम, संमतीपत्रावर सही करता?" डॉक्टर म्हणाला. चेहऱ्यावर मुखवटा होता, पण आवाजातला घाम लपत नव्हता. त्याच्या हातात भरलेली सिरिंज होती.

"कर की गं," काचेपलीकडून नवरा माइकमध्ये बोलला. "पोरीच्या लग्नातसुद्धा फोनवर माकडांची चौकशी करत होतीस. व्याह्यांना वाटलं, त्यांच्याबद्दलच चाललंय."

एरवी बाईंनी त्याला चार शब्द सुनावले असते. आज त्यांची नजर सिरिंजवरून हलेना. एकदा शिरेत गेलेलं औषध परत काढता येत नाही. आणि प्रयोगशाळांत काय चालतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आपला तो बाब्या. स्वतःच्या औषधाने वाचलेलं माकड जरा जास्तच टवटवीत दिसतं.

भीतीने माणूस हिशेबाला पक्का होतो. शेकडो निबंधांनी त्यांच्या कामाचा दाखला दिला होता, शाली आणि मानपत्रं कपाटात मावत नव्हती. पण यातल्या कोणी ते काम स्वतः करून पाहिलं होतं? बाई एकेक चेहरा आठवत गेल्या. सगळे नंदीबैल. एक सोडून.

"मला खुसपटरावांना फोन लावून द्या, स्पीकरवर," त्या म्हणाल्या.

हे टोपणनाव बाईंच्या प्रयोगशाळेने ठेवलेलं. दोघं एकाच गुरूच्या हाताखाली शिकलेले. बाईंचा निबंध छपाईआधी तपासायला गेला की निनावी शेरा परत यायचा, 'यावरून काहीच सिद्ध होत नाही', आणि तो कुणाचा हे बाईंना पहिल्या ओळीतच कळायचं.

"कोण, तू? माझ्या शेऱ्यावरून भांडायला फोन केलास?"

"मला सुई टोचली. आपल्याच विषाणूची."

पलीकडे खुर्ची करकरली.

"माझं औषध समोर आहे," बाई म्हणाल्या. "एकदाच खरं सांग. तू ते करून पाहिलंस?"

"पाहिलं." तो खाकरला. "तुझं पितळ उघडं पाडायला. औषध तुझ्या कृतीने बनवलं, माकडं माझी."

"मग?"

"विषाणूने एकही गेलं नाही."

नवऱ्याने काचेवर आनंदाने थाप मारली. बाईंना मात्र त्या वाक्यातली फट ऐकू आली. "मग कशाने गेलं?"

"औषधाने. एकच. घाईत सगळं एकदम टोचलं, श्वास कोंडला. बाकीच्यांना थेंबाथेंबाने दिलं, त्यांना काही झालं नाही."

"आणि हे छापलं नाहीस?"

"छापलं असतं तर तू बरोबर होतीस, हेही छापावं लागलं असतं."

"अरे मेल्या! इथे डॉक्टर सिरिंज भरून उभा आहे!"

डॉक्टरने हातातल्या सिरिंजकडे विंचवाकडे पाहावं तसं पाहिलं आणि ती हळूच ट्रेमध्ये ठेवली.

बाईंनी सही केली. ती इतकी वेडीवाकडी आली की त्यांनाच ओळखू येईना. औषध सलाईनच्या बाटलीत मिसळलं गेलं. श्वासाची नळी आणि तातडीचं इंजेक्शन उशाशी मांडलं गेलं. पहिला थेंब सुटला. फोन चालूच होता.

"घसा आवळतोय?" खुसपटरावांनी विचारलं.

बाईंनी आवंढा गिळून पाहिला. "नाही."

"श्वास?"

"घेतेय."

"हळू सोडा हो, डॉक्टर. अजून हळू."

तेवढ्यात बाईंचा हात मानेकडे गेला. त्या खाजवू लागल्या. डॉक्टरने झडप घालून इंजेक्शन उचललं, काचेपलीकडे नवरा उभ्या जागी थिजला.

"गाऊनची नाडी," बाई कशाबशा म्हणाल्या. "टोचतेय."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बाईंचा अजून बाटलीत होता, आणि ती अर्धीसुद्धा रिकामी झाली नव्हती.