दीड वीत जागा

मल्हाररावांना साधी चप्पल घ्यायची म्हटलं तरी तीन दुकानं आणि दोन दिवस लागत. पहिल्या दिवशी ते नुसते पाहून येत. दुसऱ्या दिवशी मनाची तयारी करून जावं, तर तो नंबर संपलेला असे. त्यांची बायको दगडाबाई आल्यागेल्याला सांगायची, "मला ह्यांनी पसंत केलं नाय, ह्यांच्या बापानं केलं. ह्यांच्यावर असतं तर मी अजून माहेरीच असते."

मल्हारराव नुसते हसत. बोलणं खोटं नव्हतं.

म्हणूनच त्या शनिवारी सकाळी नात सृष्टीने हातात कागद ठेवला आणि म्हणाली, "आबा, कार्ड आणायला तुम्हीच जा, माझं प्रॅक्टिकल आहे," तेव्हा त्यांनी तो कागद हळूच तिच्याच हातात परत द्यायला पाहिला.

कार्ड म्हणजे ग्राफिक्स कार्ड, पडद्यावरचं चित्र पळवणारा भाग. सृष्टीला गेमिंगचा कॉम्प्युटर हवा होता. दुकानातला तयार नव्हे, सुटे भाग आणून घरी जोडायचा. कॉलेजच्या चौघींचा संघ होता आणि रविवारी सामना होता. घरच्या जुन्या लॅपटॉपवर ऐन मोक्याला चित्र थिजायचं, शत्रू समोर यायचा आणि चित्र सुटेपर्यंत सृष्टी मेलेली असायची. मैत्रिणींनी स्पष्ट बजावलं होतं, शनिवार संध्याकाळपर्यंत मशीन लागलं नाही तर तिच्या जागी मेघा खेळेल.

महिनाभर आजोबा आणि नात पुंडलिकनगरच्या त्या दोन खोल्यांत एका वहीवर डोकी घालून बसले होते. मल्हाररावांची चौतीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात गेलेली. हातात आलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. समजलं किती, याची खात्री मात्र कधीच नसे. सृष्टीला भारीतला प्रोसेसर हवा होता. मल्हाररावांनी दबकत विचारलं, "सगळे पैसे त्यात घातले तर कार्ड हलकं येईल ना? कळपात एक मेंढरू लंगडं असलं की सगळा कळप त्याच्याच चालीनं चालतो."

सृष्टीने डोळे विस्फारले. "आबा, ह्याला बॉटलनेक म्हणतात. मी चार व्हिडिओ बघून पण असं समजलं नव्हतं!"

मग प्रोसेसर मधला ठरला. रॅमच्या आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या, कारण जोडीने काम चांगलं होतं. पॉवर सप्लाय मात्र आबांच्या हट्टाने चांगल्या कंपनीचा. सत्तर हजारांच्या वर जायचं नव्हतं, म्हणून बाहेरची पेटी, म्हणजे कॅबिनेट, सृष्टीने एका सिनियरकडून जुनंच आणलं. एका बाजूला काच असलेलं. बाकी सगळं घरी येऊन पडलं होतं. राहिलं होतं ते कार्ड.

क्रांती चौकाजवळ पहिल्या मजल्यावर संघपालचं दुकान होतं. त्याने कागद पाहिला आणि जीभ चावली.

"काका, हे तर सकाळीच गेलं. आता दोनच आहेत. हे दोन पंख्यांचं, लहान. आणि हे तीन पंख्यांचं, मेमरी जास्त. शेवटचा पीस आहे, म्हणून त्याच भावात देतो."

"दोन्ही चालतील ना?"

"लहान चालंल. मोठं पळंल." संघपाल हसला. "पण मोठं तीनशे मिलिमीटर लांब आहे. तुमच्या कॅबिनेटात जागा बघून घ्या. खोका फोडला की परत घेता येत नाही, आधीच सांगतो."

सृष्टीचा फोन बंद होता. मल्हाररावांना वाटलं, उद्या यावं. पण उद्या रविवार. त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, त्या काचेच्या पेटीत आतून किती जागा आहे, जरा मोजतेस?"

"कशानं मोजू? पट्टी पोरीच्या दप्तरात. आन् टेप तुम्हीच कोणत्या पुस्तकात खूण म्हणून घातला, देव जाणे."

मल्हाररावांनी संघपालकडे पाठ केली. "मग वितीनं सांग."

"थांबा." फोनमध्ये पत्रा वाजला. "दीड वीत. नीट दीड. मागच्या पत्र्यापासनं त्या आतल्या पिंजऱ्यापस्तोर."

मल्हाररावांनी काउंटरवरची पट्टी मागून घेतली, पंजा ताणून तिच्यावर ठेवला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत बावीस सेंटिमीटर. दीड वीत म्हणजे तेहतीस. तीनशे तीस मिलिमीटर. त्यांनी हिशेब दोनदा केला, दोन्ही वेळा बरोबर आला.

"मोठं द्या," ते म्हणाले, आणि स्वतःच्याच आवाजाने दचकले.

"वितीवर कार्ड घेणारं माझ्या दुकानातलं पहिलं गिऱ्हाईक तुम्हीच, काका."

रिक्षात खोका मांडीवर धरून ते बसले होते. एका बैठकीत, एका दुकानात, स्वतःच्या अकलेने खरेदी! सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्यालाही सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही.

दुपारी सृष्टी आली ती चप्पल न काढताच खोक्याकडे धावली. "तीन पंखे! आबा, तुम्ही तर कमाल केली!" खोका फोडला, कार्ड दोन्ही हातांनी उचललं, आत घातलं. तिरपं करून घातलं. उलटं करून पाहिलं. मग ती मांडी घालून खालीच बसली.

"आबा, दोन बोटं कमी पडतंय."

मल्हाररावांना वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण वहीसकट आत जावं.

दगडाबाई पदराला हात पुसत आली. "मी दीड सांगितलं व्हतं की." तिने पंजा आत घातला. एक वीत, मग अर्धी. नीट दीड. मल्हाररावांनी आपला पंजा तिच्या पंजाला लावला. त्यांची करंगळी तिच्या करंगळीच्या पार पुढे गेली.

खुलताबादच्या बाजारात त्यांचे वडील घोंगड्या विकत. घोंगडीचं माप हातावर. सहा हात म्हटलं की गिऱ्हाईक आधी विचारायचं, "हात कुणाचा?" वडील पडले बुटके, त्यामुळे रोज त्यावरून हुज्जत. लहानपणी मल्हाररावांनी तो प्रश्न हजारदा ऐकला होता. आणि आज बावीस गुणिले दीड करताना तोच विचारायचा राहिला.

सृष्टीचा फोन वाजला. पलीकडून संघातली मैत्रीण मोठ्याने विचारत होती, "लागलं का मशीन? मेघाला काय सांगू?"

"पाच मिनिटं थांब," सृष्टी म्हणाली. फोन बंद करून तिने तो मांडीवर उपडा टाकला.

मल्हारराव मात्र एका शब्दाशी अडले होते. पिंजरा. कॅबिनेटबरोबर एक चोपडी आली होती. सृष्टीने ती उघडलीही नव्हती. त्यांनी अख्खी वाचली होती. त्यात त्या पिंजऱ्याचं चित्र होतं, आणि चित्राला बाण होता. बाण कुठे होता? आणि आपण चुकीचं सांगितलं, पोरीने ओढलं आणि होतं तेही मोडलं तर? एक घोळ आज पुरेसा होता. ते खाकरले.

"सृष्टी, मला आपलं वाटतं... म्हणजे चुकतही असेन..."

"आबा, लवकर बोला!"

"तो पिंजरा निघतो. जुन्या हार्डडिस्कांसाठी आहे तो, आपल्याला नकोच आहे. चार स्क्रू आहेत. दोन आत, दोन बुडाला."

सृष्टीने पेटी आडवी केली. बुडाला, रबराच्या पायांमागे, दोन स्क्रू होते. तीन निघाले, चौथा गंजलेला. दगडाबाईने शिलाई मशीनच्या खणातून पेचकस आणला, पोरीला बाजूला सारलं आणि दातओठ खात एक पीळ दिला. पिंजरा खडखडत फरशीवर पडला.

कार्ड आत गेलं. पुढे अजून एक वीत जागा उरली.

वायरी जोडायला आणखी तास गेला. बटण दाबल्यावर तिन्ही पंखे फिरले, पडदा उजळला आणि सृष्टीने मैत्रिणीला फोन लावून ओरडून सांगितलं, "मेघाला म्हणावं ये, पण बघायला. खेळणार मीच!"

दिवेलागणीला संघपालचा फोन आला. "काका, बसलं का कार्ड?"

"बसलं."

"मग वीत बरोबर निघाली म्हणायची!"

मल्हाररावांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथली भांडी वाजायची थांबली होती.

"निघाली," ते हळूच म्हणाले. "पण माझी नाही."

"लई उशिरा कळलं!" आतून आवाज आला.