ट्रकची चावी

वर्लिन हाउक धडधाकट असताना दवाखान्याकडे फिरकत नाही, आणि आजारी पडला तरी फिरकत नाही. आमच्या नेब्रास्काच्या माळावरचे गुरंवाले सगळे असलेच. म्हणून ऐन गवतकापणीत तो दारात दिसला, तेव्हाच मी हातातलं काम टाकून उठले.

कित्येक वर्षं मी साधी नर्स होते. पेशंट बघायचा आणि मागे वळायचं, तिथे डॉक्टर असायचा. आता शिकून नर्स प्रॅक्टिशनर झाले. तपासणार मीच, औषध लिहिणार मीच, आणि मागे वळलं तर भिंत. डॉक्टर राहतो दीड तासावर.

छातीत जळजळतंय, म्हणाला. मार्लिसने, म्हणजे बायकोने, काल राजम्यात मिरच्या ओतल्या होत्या म्हणे. तिला समोरच्या दुकानात सोडून तो आला होता. कार्डिओग्राम काढला, तो साफ निघाला. थोडं थांबा, परत काढू, असं मी म्हटलं, तर त्याने उठून टोपीच घातली.

"पोरी, गवत कापून पडलंय, आणि वर ढग बघ. मला काय गोठ्यात बांधून ठेवतेस?"

मी हसले. मनातून टरकले होते, पण साफ कागदापुढे बोलणार काय? पित्ताच्या गोळ्या देऊन त्याला जाऊ दिलं.

खिडकीतून बघत राहिले. वर्लिन एकवेळ रान विकेल, पण ट्रकची चावी बायकोला देणार नाही, अशी गावभर थट्टा चालायची. मार्लिस पिशव्या घेऊन आली आणि सवयीने ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटच्या दाराशी थांबली. वर्लिनने चावी तिच्या हातात ठेवली.

तशीच धावले आणि ट्रकपुढे उभी राहिले. "उतरा," म्हटलं. तो मुकाट्याने उतरला, तेव्हा तर मी आणखीच घाबरले.

दुसरा कार्डिओग्राम साफ नव्हता. ॲस्पिरिन चावायला दिली, हेलिकॉप्टर बोलावलं आणि त्याचा हात धरून बसले.

"घाबरलीस?" त्याने विचारलं.

"हो."

"मीपण," तो म्हणाला.

हेलिकॉप्टरमध्ये मार्लिसला जागा नव्हती. ते दिसेनासं झालं तशी ती ट्रककडे गेली आणि ड्रायव्हरच्या शेजारी, आपल्या नेहमीच्या जागेवर बसली. मी तुला हॉस्पिटलात नेते, असं म्हणून मी चावी मागितली. तिने मूठ आवळून धरली.

"राहू दे. तो येऊन चालवेल."