डावी बाजू

"वाळू आज पण दमट आहे, वहिनी. रुळावर नुसता लगदा होतो," फुर्बा कुरकुरला.

"मग उद्यापासून तूच भाज," मी म्हटलं. "मका समजून खाऊ नकोस म्हणजे झालं."

माझी चहाची टपरी रुळापासून हातभर अंतरावर. गाडी डोंगर चढताना इथे पाणी घेते, आणि इंजिनाच्या तोंडावर बसणाऱ्या दोघांसाठी मी चुलीवर वाळू कोरडी करून ठेवते. उजवीकडे फुर्बा, डावीकडे आमचे हे, सुकबीर. चढावर धुक्याने रूळ ओले झाले की चाकं जागच्या जागी फिरतात. मग या दोघांनी वाकून चाकापुढे मूठमूठ वाळू सोडायची. लग्न झाल्यापासून मी हेच बघतेय. आमच्या भातातसुद्धा कचकच लागते.

मागच्या आठवड्यात वरच्या वळणावर यांचा पाय निसटला. एका हाताने लोखंडी दांडा धरून हे लोंबकळत राहिले, पाठीशी चाक. हर्कमान, वयाने थोरले म्हणून सगळ्यांचे दाजू, गाडी चालवत होते, त्यांनी थांबवली. यांच्या बुटाची टाच तेवढी गेली. इथे आल्यावर सगळे खूप हसले. मीही हसले.

तेव्हापासून यांचा गुडघा दुखतो. फुर्बा म्हणतो थंडीने, दाजू म्हणतात वयाने. मी रोज तेल लावते. परवा चुकून दुसऱ्याच गुडघ्याला लावलं. हे काही बोलले नाहीत. मीही नाही. गाडी वळणाआड गेली की पुढची शिट्टी ऐकू येईपर्यंत माझ्याने पीठ मळवत नाही, हे तरी मी कुणाला सांगितलंय?

आज पाणी भरून झालं, फुर्बा चढून बसला, तरी हे बाकावरच. हातातल्या चहावर साय धरलेली.

"काय सुकबीर, त्या बाकाशी लग्न लावून देऊ का तुझं?" फुर्बा ओरडला.

हे उठले. वाळूचा डबा घेतला, इंजिनापर्यंत गेले. दांड्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. पुन्हा ठेवला. दुसऱ्या हातातल्या डब्यातून वाळू बुटांवर सांडत होती.

दाजू खाली उतरले. "गुडघा का रे?"

"गुडघाच, दाजू. हवाच तशी आहे," फुर्बा घाईने म्हणाला. त्याच्या आवाजात आता मस्करी नव्हती. ही जागा एकदा सोडली की माणूस खालच्या यार्डात कोळसा फोडायला बसतो, आणि येणारा-जाणारा विचारतो, का रे बाबा, काय झालं?

गाडीच्या डब्यांतून माणसं डोकावायला लागली. कुणीतरी हसलं. मी पिठाचे हात तसेच घेऊन पुढे झाले.

"सकाळपासून कळा येताहेत त्यांच्या पोटात," मी म्हटलं. "कालची गुंद्रुकाची भाजी बाधली. माझंच चुकलं, पाला जास्त आंबला होता."

हे माझ्याकडे वळले. मला वाटलं, चिडतील. चिडले नाहीत.

"भाजी चांगली झाली होती," हे म्हणाले. मग डबा खाली ठेवला आणि दाजूंकडे बघत, चहा मागावा इतक्या साध्या आवाजात म्हणाले, "मला भीती वाटते, दाजू. तिथे बसायची."