बाई बोलेना

पिवळा त्रिकोण. त्रिकोणाच्या पोटात उद्गारचिन्ह.

आत्याच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडलाय आणि काळेपणा वर सरकतोय.

गळ्याला बांधायचे सुती रुमाल, दोरीवर.

एका बाईचा आवाज. स्वच्छ, सपाट, कधी सर्दी न झालेला. "आज भाजीत मीठ जास्त आहे" हेही ती बातम्या दिल्यासारखं सांगते.

शेजाऱ्यांनी दिलेले हेडफोन. गोल पिनचे.

स्टोअरमधलं काहीही फेकायचं नसतं. लागत नाही ते भंगारात, भंगार कोपऱ्यात, कोपऱ्याला कुलूप.

अपडेट सुरू आहे. कृपया संगणक बंद करू नका.

*

आता नीट सांगते.

बाबांच्या घशाच्या ऑपरेशनात स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला भोक राहिलं, त्यावर रुमाल. तेव्हापासून बाबा लॅपटॉपवर टाइप करतात आणि लॅपटॉप ते मोठ्याने वाचतो. प्रोग्राम फुकटचा, त्यात मराठी आवाज एकच, तोही बाईचा. त्यामुळे जन्मभर कारखान्याच्या स्टोअरमध्ये हमालांवर ओरडलेले आमचे बाबा आता बाईच्या आवाजात माझ्यावर ओरडतात. आम्ही तिला बाईच म्हणतो. बाई चार्जिंगला लाव. बाई उघडी टाकू नकोस, धूळ बसते.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लांबच्या शहरात एकटी राहते. साखरेने आधी तिचे डोळे नेले, आता पायाला लागलीये. पाय गुडघ्याखालून काढायचा की नाही ते सोमवारी सकाळी कळवा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. नाही काढला तर काय, तेही सांगितलेलं.

"बोक्या काय म्हणतो ते ऐकते, मग ठरवते," आत्या फोनवर म्हणाली होती. बोक्या म्हणजे बाबा.

"मी विचारून सांगते ना तुला."

"तू नको. तू साखर घालून सांगशील, आणि साखर मला चालत नाही. मला त्याच्याकडूनच ऐकायचंय. रविवारी दुपारी बाईला तयार ठेव."

रविवारी सकाळी मी लॅपटॉप उघडला. खालच्या कोपऱ्यात स्पीकरचं चित्र. चित्रावर लाल फुली.

मी अजून तोंडही उघडलं नव्हतं, तोवर बाबांनी पाटी माझ्यापुढे धरली. लिहून पुसायची, लहान मुलांची पाटी.

*मी काही केलं नाही.*

*

पायरी: बंद करून चालू करा.

केला.

पायरी: पुन्हा बंद करून चालू करा.

केला. पुन्हा करायला सांगणाऱ्याला मनातल्या मनात जे म्हणायचं ते म्हटलं.

पायरी: डिव्हाइस मॅनेजर उघडा.

ही लॅपटॉपच्या अवयवांची यादी. कीबोर्ड जागेवर, माउस जागेवर, बॅटरी, कॅमेरा, ज्याचा आमच्या घरात कुणाला काडीचा उपयोग नाही असा बोटाचा ठसा ओळखणारा चौकोनसुद्धा जागेवर. आणि तळाला 'इतर उपकरणे', त्याखाली पिवळा त्रिकोण आणि 'अनोळखी उपकरण'.

अनोळखी! इतके महिने या घरात तीच सगळ्यांत जास्त बोलत होती.

लॅपटॉपने स्वतःच्याच स्पीकरशी कसं बोलायचं ते सांगणारी एक फाइल असते. तिला ड्रायव्हर म्हणतात. अपडेटने जुना ड्रायव्हर काढून टाकला आणि नवा घालायला विसरलं. भाडेकरूने जाताना दिवे काढून न्यावेत तसं. 'मागच्या ड्रायव्हरवर परत जा' असं एक बटण असतं. होतं. राखाडी. कितीही दाबा, दगड.

मग 'आपोआप शोधा'. लॅपटॉपने बराच वेळ गोल गोल फिरवलं आणि सांगितलं की, आपल्या उपकरणासाठी सर्वांत योग्य ड्रायव्हर आधीच बसवलेला आहे.

"कुठे?" मी म्हटलं. "कुठे बसवलाय? दाखव ना मला."

बाबांनी पाटीवर लिहिलं, *ओरडून उपयोग नाही. तिला ऐकू येत नाही.*

"तुम्ही गप्प बसा."

हे मी बाबांना म्हणाले. म्हणून झाल्यावर दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

*

कंपनीच्या वेबसाइटला मॉडेल नंबर हवा. तो तळाच्या स्टिकरवर असतो. लॅपटॉप उलटा केला तर तळ बशीसारखा चकचकीत.

"स्टिकर कुठे गेलं?"

*चिकट झालं होतं. मांडीला लागायचं. खरवडलं.*

"बाबा!"

*तेल लावून. ओरखडा नाही एकही. बघ.*

ओरखडा खरंच नव्हता. मी दात आवळून नंबर दुसरीकडून, सेटिंगच्या पोटातून शोधून काढला. नंबर टाकला. साइटने विचारलं, आपण रोबो नाही ना? रस्त्यावरचे सिग्नल दाखवून त्यांतले दिवे ओळखायला लावले. ओळखले. पुन्हा लावले. सिग्नलचा खांब हा सिग्नल धरायचा की नाही, यावर रविवारची सकाळ गेली.

दुसऱ्या एका साइटवर 'डाउनलोड' लिहिलेली हिरवीगार बटणं इतकी होती की खरं बटण कुठलं ते कळेना. एक दाबलं तर लॅपटॉपमध्ये शेकडो दोष सापडल्याची घोषणा झाली. शेजारचे काका हेडफोन घेऊन आले ते याच वेळी.

"हे लावून बघ. माझ्या टीव्हीला झकास चालतात."

"काका, गोल पिनचे त्याच गेलेल्या ड्रायव्हरवर चालतात. यूएसबीचे असते तर झालं असतं."

"मग आण की विकत."

"रविवार आहे. दुकान बंद."

"मग आज बोलूच नका," असं म्हणून काका हसले आणि बाबांचा चेहरा बघून हेडफोन ठेवून निघून गेले.

माझ्या मोबाइलवर बोलणारं ॲप मी पूर्वी घालून दिलं होतं. बाबांची बोटं पोती मोजलेली. एका अक्षरावर बोट टेकवलं की तीन अक्षरं उमटायची. दुसऱ्या शब्दाला त्यांनी मोबाइल माझ्या मांडीत टाकला होता. स्वतःचा फोन तर त्यांनी ऑपरेशननंतर लगेच काढून टाकला. त्यामुळे घरात फोन एकच, माझा. आत्याचा फोन त्यावरच येणार, आणि लॅपटॉपला इंटरनेटही त्याच्यातूनच.

अखेर खरा ड्रायव्हर सापडला. डाउनलोड सुरू झालं. निळी पट्टी मुंगीच्या चालीने पुढे सरकू लागली. बाबा खुर्ची ओढून पट्टीसमोर बसले. मी कुकर लावायला उठले तर त्यांनी हात धरून मला खाली बसवलं, जणू मी उठले तर पट्टी थांबेल.

पट्टी शेवटाजवळ आली आणि मोबाइल वाजला. आत्या.

आमच्या मोबाइलचं असं आहे की बोलणं सुरू झालं की इंटरनेट तुटतं. 'डाउनलोड अयशस्वी.'

मी टेबलावर मूठ आपटली. बाबांनी पण. पाटी खाली पडली.

*

"म्हटलं आत्ताच लावावा," स्पीकरवर आत्याचा आवाज. "बाई कुठाय?"

"आत्या, बाईचा आवाज गेलाय. अपडेट झालं आणि—"

"अगं, तिचाही गेला? तुमच्या घराला कुणाची नजर लागलीये का?"

"बाबा टाइप करतील, मी वाचून दाखवते. सगळं वाचते, शपथ."

बाबांनी आधीच टाइप करायला घेतलं होतं, धाडधाड. पडद्यावर उमटलं: *त्या डॉक्टरला अक्कल आहे का. अंगठा काळा होईपर्यंत काय झोपा काढत होता.*

"बाबा म्हणतायत," मी वाचलं, "डॉक्टरांनी जरा आधी लक्ष द्यायला हवं होतं."

"खोटं," आत्या म्हणाली. "बोक्या जन्मात कधी 'जरा' म्हणालेला नाही."

मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. आतून ओरडण्याचा आवाज येत असताना बाहेरच्यांना 'अगदी थोडंसं दुखेल हं' म्हणायचं, हेच माझं काम. ते घरी सोडून येता येत नाही.

बाबांनी स्पेसबारवर अंगठा आपटला आणि लिहिलं. मी पडद्याकडे पाहिलं. मग वाचलं, जसंच्या तसं:

"ही गाढव सगळं गुळगुळीत करते."

"हां!" आत्या खूश झाली. "हा आला बोक्या. आता सांग रे, बाईला काय केलंस?"

"मी काही केलं नाही," मी वाचलं.

"घड्याळ उघडलं होतंस तेव्हाही हेच म्हणाला होतास. काटे तुझ्या खिशात निघाले. मला दिसत नाही म्हणून कळत नाही असं समजू नकोस. काय केलंस?"

बाबांची बोटं थांबली. रुमाल वर ओढला, खाली ओढला. मग एकेक अक्षर उमटायला लागलं आणि ते उमटेल तसं मी वाचत गेले.

"शनिवारी मशीन म्हणालं, अपडेटला जागा कमी पडतेय. मी अपडेट दाबलं होतं. म्हणून जागा केली. एक फोल्डर होता. इंग्रजी नावाचा. त्याला वर्षभर कुणाचा हात लागला नव्हता. हात न लागलेला माल म्हणजे..."

मी थांबले. असा फोल्डर असतो हे मला माहीत होतं. लॅपटॉप विकत आणला की त्याच्यासोबत आलेले सगळे ड्रायव्हर त्यात असतात. सकाळी तो जागेवर दिसला नाही, तेव्हा आपल्याच लॅपटॉपमध्ये तसा नसेल, असं मी गृहीत धरलं होतं.

"वाच पुढे," आत्या म्हणाली.

"हात न लागलेला माल म्हणजे भंगार."

"फेकलात?" हे माझं. माझ्या आवाजात.

बाबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू एखाद्या हमालाने तेलाच्या ड्रमवर सिगारेट विझवली असावी.

"मी स्टोअरकीपर आहे," मी वाचलं. "फेकत नाही."

ते उठले, कपाटाच्या खणाचं कुलूप काढलं आणि पेन ड्राइव्ह आणून माझ्यासमोर ठेवला. त्याच्यावर जखमेला लावायची पट्टी चिकटवलेली. पट्टीवर बॉलपेनने, सुवाच्य अक्षरात: भंगार.

मला त्यांना खूप काही बोलायचं होतं. सकाळपासूनचं सगळं, सिग्नलच्या खांबासकट. पण फोन चालू होता.

त्रिकोणावर उजवं क्लिक. 'ड्रायव्हर अपडेट करा.' 'माझ्या संगणकात शोधा.' पेन ड्राइव्ह. पुढे.

योग्य ड्रायव्हर सापडला नाही.

"झालं का?" आत्याने विचारलं. "माझा पाय ताटकळलाय."

"थांब गं!"

"चिडू नकोस, मी नुसतं विचारलं."

बाबांनी वाकून पडद्याच्या खालच्या कडेला बोट लावलं. तिथे एक बारीक चौकट होती: 'आतले फोल्डरही पाहा'. तिच्यातली खूण गेलेली होती. मी खूण केली. पुढे. गोल फिरलं, फिरलं. पडदा एकदा काळा झाला, पुन्हा आला.

त्रिकोण नव्हता. फुली नव्हती.

मी बाबांचा प्रोग्राम पुढे आणला आणि 'वाचा' दाबलं. बाईने वरून सुरुवात केली. "त्या डॉक्टरला अक्कल आहे का," ती शांतपणे म्हणाली. मग मी गाढव असल्याचं सांगितलं, मग काही केलं नसल्याचं, मग शनिवारचं सगळं, आणि तिकडे आत्या खोकल्याची उबळ येईपर्यंत हसली.

बाबांनी पडदा साफ केला. मी खुर्ची सोडली आणि कुकरपाशी गेले. स्वयंपाकघर दोन पावलांवर; ऐकू सगळंच येत होतं. बटणं बराच वेळ वाजत राहिली. मध्येच पुसल्याचा आवाज, एकच बटण खूप वेळ दाबलेलं. पुन्हा सुरुवात.

मग बाई म्हणाली, "ताई. पाय काढू दे. मी घसा दिला. जगता येतं. फक्त फार चिडचिड होते."



"किती दिवस?" आत्याने विचारलं.

टकटक. "अजून होते."

"रोज?"

"रोज."

"बरं," आत्या म्हणाली. तिने नाक ओढलं. "मग रोज फोन करत जा. दोघं मिळून चिडू."

बाबांनी काहीतरी टाइप केलं, पण बाईला ते वाचायला लावलं नाही. मी कुकरचं झाकण लावलं.

नंतर कळलं, आत्याने डॉक्टरांना होकार शनिवारी संध्याकाळीच कळवून टाकला होता.