भागवतचा पहारा

आमच्या कुंभार पिंपळगावात हरिनाम सप्ताहाचे सात दिवस वीणा खाली टेकत नाही. दोन-दोन तासांचे पहारे लागतात, यादी भिंतीवर चिकटते. या कामात गाव इतकं तरबेज, की भागवत टेलरचं लक्षण ठीक दिसेना तेव्हा आम्ही त्याच्यासाठीही पहाऱ्याची यादी केली.

महिनाभर त्यानं दुकान उघडलं नव्हतं. जेवण तुटलं होतं. "माझ्यावाचून कुणाचं अडतं?" असं बायकोला, उषावहिनींना म्हणाला होता. त्याला एकटं सोडायचं नाही, असं ठरलं. आणि 'तो' शब्द काढायचा नाही. काढला की डोक्यात शिरतो, असं अंगदचं मत. अंगद सप्ताहाच्या यादीचा प्रमुख, त्यामुळे वैद्यकातही प्रमुख.

नऊ दिवस आम्ही पाळीपाळीनं बसलो. कापसाचा भाव, जावयाची गाडी, कुणाचा तरी गुडघा. भागवत खोलीत येरझारा घालायचा. आमच्या माना त्याच्यामागं फिरायच्या.

दहाव्या दिवशी दुपारी दोन ते चार माझा पहारा. गुडघ्यावर बोलून झालं. भागवत दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. मी तीनदा पाणी प्यालो.

"भागवत, जीव द्यायचं मनात येतं का रे?"

तो जागच्या जागी थांबला.

"येतं. रोज येतं. तुम्ही मला राखून राह्यले, पण एकानं तरी विचारलं का? म्हशीला तरी विचारतेत, काय झालं म्हणून."

"मंग आता सांग."

"कारण मागू नको. मलाच सापडून न्हाई राह्यलं."

"न्हाई मागत."

तो बोलत सुटला. मला उपदेशाची जबर उबळ आली. मी तोंडात सुपारी कोंबली.

उषावहिनी स्वयंपाकघरातून येऊन त्याच्याजवळ बसल्या. "मला का न्हाई सांगितलं?"

"तू घाबरली असती."

"अन् आता काय मजेत हाये? उद्या जालन्याला मनाच्या डॉक्टरकडं जायचं, मी येते. अन् तसं वाटलं की हाक मारायची. कधीबी."

"मारीन."

चारच्या ठोक्याला अंगद दारात. मी म्हणालो, "भागवतच्या मनात जीव द्यायचं येतं. तो सांगून राह्यलाय, ऐक."

अंगद एक चप्पल पायात, एक हातात, तसाच उभा.

"ये आत," भागवत म्हणाला. "घाबरू नको."